सुलक्षणाने घातलेलं गाऱ्हाणं

सुयोग धुरीला मी तो चड्डीत फिरायचा तेव्हापासून ओळखते, आणि तेव्हापासूनच तो मला आवडत नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की अक्षता एकाच बाजूने बोलते. हो, बोलते एकाच बाजूने!

ती बाजू सुलक्षणाची. सुयोगची सख्खी काकी, चारकोपला आमच्या समोरच्या दारात राहणारी. मरोळच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं तिने औषधाच्या बाटल्यांची बुचं तपासली. मग नवरा गेला, मुलगी लग्न होऊन चेंबूरला गेली, आणि त्रेपन्नाव्या वर्षी या बाईने पाठीवरची सॅक विकत घेतली. आम्हाला वाटलं, डोकं फिरलं हिचं. पहिल्यांदा एकटी कच्छला गेली, सरकारी बसने, आणि लखपतच्या गुरुद्वारात राहून आली. मग अंदमान, बोटीच्या सगळ्यात स्वस्त वर्गातून. सोबत कायम एक इलेक्ट्रिक किटली, कुळथाचं पीठ आणि भाजलेले सुके बांगडे. किटलीत भात शिजवायची. बांगड्याच्या वासाने दोन लॉजवाल्यांनी हाकललं तर म्हणाली, "त्यांचंच नुकसान!"

परत आली की आमच्या गच्चीवर बायका जमायच्या. हळूहळू आठ जणी तयार झाल्या तिच्याबरोबर जायला. त्यातली कोणी आयुष्यात नवऱ्याशिवाय बोरिवलीच्या पुढे गेली नव्हती. मीसुद्धा नाही. सुलक्षणाला तर तेव्हापासून तोच ध्यास. "तुम्हाला घेऊन गेले की माझं काहीतरी झालं म्हणायचं," असं म्हणायची.

आमच्यासाठी तिने ओमानमधलं सलाला शोधून काढलं होतं. ऑगस्टमध्ये तिथे डोंगराच्या अलीकडे बारीक पाऊस, नारळ, केळी, अगदी आपल्या वेंगुर्ल्यासारखं, आणि डोंगर ओलांडला की नुसतं वाळवंट. बस कुठली, तंबू कुठे ठोकायचा, सगळं वहीत लिहिलेलं. आधी आपण एकटीने बघून यावं असं तिने ठरवलं, तेवढ्यात सुयोग मधे टपकला. त्याचा प्रवासाचा चॅनल आहे आणि अंधेरीला स्वस्तातल्या सहली काढणारं ऑफिस. "काकी, मी येतो ना सोबत. गाडी मी चालवेन." गोड बोलण्यात पहिल्यापासून पटाईत मेला.

पाच दिवस बरे गेले. सहाव्या दिवशी डोंगरापलीकडे, थुमरैत गावाच्याही पुढे, खडीवरून उतरताना सुलक्षणाचा पाय मुरगळला. घोटा हा एवढा सुजला. ती कळवळून रडली, "आई गं, आई गं" करत. आणि या सद्गृहस्थाने काय केलं असेल? फोन काढून शूटिंग! मग तिला एका पेट्रोल पंपावर उतरवलं. म्हणाला, "काकी, वाळूच्या टेकड्यांवरचा सूर्यास्त चुकेल, तू बस, मी तीन तासांत आलो." तो आलाच नाही. तिची सॅक गाडीत, वही गाडीत, फोनचा चार्जर गाडीत, आणि फोन बंद पडलेला. कमरेच्या पाकिटात पासपोर्ट आणि थोडे रियाल होते म्हणून वाचली.

दोन दिवस बसली ती तिथे, का तर पोराला काही अपघात झाला असेल म्हणून! पंपावरच्या केरळी चहावाल्याने तिला आपल्या बायकोकडे नेलं, पायाला हळद लावली. तिसऱ्या दिवशी पाण्याच्या टँकरमधून ती सलालाला आली आणि घाबरून परत येण्याऐवजी उरलेले सहा दिवस लंगडत लंगडत, ठरवलेलं सगळं बघून, मगच मुंबईला उतरली.

पण तिच्या आधी सुयोगचा व्हिडिओ उतरला होता. 'वाळवंटात काकीची रडारड'. त्यात तिचं ते "आई गं, आई गं" दोनदा, मागे ढँणढँण म्युझिक, आणि हा सांगतोय, काकी वाळवंट बघून घाबरली, घरी जायचं म्हणून हट्टाला पेटली, शेवटी मी तिला विमानात बसवून दिलं. मग अंधेरीच्या ऑफिसची जाहिरात: बायकांसाठी खास सहल, सलाला. वहीतला मार्ग जसाच्या तसा! चोर तो चोर, वर शिरजोर.

लाखांनी बघितला तो. आमच्या सोसायटीत पोरं तिला बघून "आई गं" करायला लागली. आठ जणींचे नवरे म्हणाले, ही स्वतःच रडत आली, तुम्हाला काय नेणार? एकेक नाव गळलं. मीही काढून घेतलं. खोटं कशाला बोलू, सोसायटीच्या ग्रुपवर तो व्हिडिओ आला तेव्हा मी हसण्याच्या चार बाहुल्या टाकल्या होत्या. सुलक्षणाने खरं काय ते सांगितलं, तेव्हाही मी म्हणाले, "जाऊ दे गं, पोरच आहे ते." तिने माझ्याकडे बघितलं आणि चहाचा कप उचलून आत गेली. तेवढ्या दिवसांत तिच्या तोंडून रागाचा एक शब्द आला नाही, आणि मी मूर्ख, मला वाटलं विसरली.

दर सव्वीस जानेवारीला आमच्या गावच्या मुंबईकरांच्या मंडळाची सत्यनारायणाची पूजा असते, चारकोपच्याच हॉलमध्ये. आरती झाली की गाऱ्हाणं. आम्हा कोकणातल्या माणसांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते: एक जण देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीने मागणं मागतो आणि प्रत्येक वाक्याला अख्खा हॉल ओरडतो, "व्हय म्हाराजा!" आईच्या मांडीवर असल्यापासून ते आमच्या जिभेवर बसलेलं असतं. डोकं कुठेही असो, तोंड आपोआप ओरडतं.

गाऱ्हाणं दरवर्षी मंडळातले सगळ्यात म्हातारे धाकूआजो घालतात, त्याआधी सुलक्षणाचे वडील घालायचे. या वर्षी आजोंनी माइक हातात घेतला आणि सरळ सुलक्षणाला दिला. हॉलमध्ये कुजबुज झाली. बाईमाणूस? आजो म्हणाले, "माझो घसो बसलो हा. तिच्या बापाशीचो आवाज आसा तिच्याकडे. आयका गप!"

सुयोग पहिल्या रांगेत, 'गावाकडची परंपरा' म्हणून फोनवरून सगळं लाइव्ह दाखवत होता. मान खाली, डोळे फोनवर, कोण काय लिहितंय ते वाचत.

"बा देवा म्हाराजा!" सुलक्षणाने सुरुवात केली. काय तो आवाज! "तुझी लेकरां आज हय जमली हत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"गावची भातशेती, आंबो, काजू सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पोरांका परीक्षेत यश दी, म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांका बळ दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" लय लागली, हॉल दणाणला. ती वेग वाढवत गेली.

"आणि ज्या पुतण्यान आपल्या काकीक पाय मुरगळलेलो आसताना वाळवंटात एकटी सोडल्यान..."

अर्धा हॉल इथेच थबकला. मान वळवून एकमेकांकडे बघायला लागला.

"...तिची बॅग घेवन पळालो, आणि ती घाबरली म्हणून जगाक खोटा सांगितल्यान, तो सुयोग धुरी हयच आसा रे म्हाराजा!"

सगळा हॉल चिडीचूप. आणि त्या शांततेत, फोनवरून मानही वर न करता, एकटा सुयोग, सवयीने, छाती भरून ओरडला,

"व्हय म्हाराजा!"

देवाशप्पथ सांगते, असं सुख मला लेकीच्या लग्नातही झालं नव्हतं. त्याला कळलं तेव्हा त्याचा चेहरा उलट्या टांगलेल्या वाघळासारखा झाला. फोन बंद करायला धडपडला, पण जायचं ते सगळीकडे गेलं होतं. संध्याकाळपर्यंत त्याचाच व्हिडिओ पोरं एकमेकांना पाठवत होती. आठवड्याभरात जुना व्हिडिओ त्याने काढून टाकला, बायकांची सहल रद्द झाली, आणि सॅक, वही, चार्जर घेऊन साहेब दारात हजर. पाया पडायला वाकला तर सुलक्षणाने पाय मागे घेतले.

"काकी, माफ कर गं. चुकलंच माझं."

"माफी देवाकडे माग. त्याच्यासमोर कबूल केलंस ना? मग तोच बघेल." आणि दार लावून घेतलं. आतून कडीचा आवाज आला. मी माझ्या दारात उभी राहून सगळं बघत होते, आणि खरं सांगते, मला नाचावंसं वाटत होतं.

मग काय, बायका परत गच्चीवर. त्या सात जणींनी पुन्हा नावं दिली, नवरे गप्प. मी मिठाई घेऊन गेले. म्हटलं, "सुलक्षणा, माझंही लिही गं."

ती वहीत मार्ग तपासत होती. वर न बघता म्हणाली, "सात झाल्या. आठवी जागा रिकामी नेणार आहे मी."

"अगं पण का? मी तर पहिल्यापासून तुझ्या बाजूने..."

तेव्हा तिने पेन खाली ठेवलं. "सुयोग नवऱ्याकडचा, अक्षता. त्याच्याकडून माझी अपेक्षा नव्हतीच. तीस वर्षं समोरासमोर राहतो आपण. तू हसलीस."

मला चिक्कार राग आला. चार बाहुल्यांसाठी एवढं? मी तसंच तिला म्हटलंसुद्धा. तिने पेन उचललं आणि पुन्हा मार्ग तपासायला लागली. सातही जणी वहीकडे बघत बसल्या, आणि त्यातल्या एकीनेही माझी बाजू घेतली नाही.

ऑगस्टच्या चार तारखेला त्या निघाल्या. आठव्या जागेचं तिकीट सुलक्षणाने खरोखरच काढलं होतं, आणि ती जागा रिकामीच गेली.