विनीच्या हातची बॉक्स्टी

डिंफ्ना गॅलिगनला सासूची बॉक्स्टी, म्हणजे बटाट्याचं आयरिश धिरडं, चौतीस वर्षं छळत होती. सासू विनी बिचारी मार्चमध्ये गेली, बॉक्स्टी मात्र जायचं नाव घेईना.

नणंदा, दीर, चर्चमधल्या बायका, सगळ्यांचं एकच. विनीच्या हातची कुरकुरीत, डिंफ्नाची पचपचीत. आता सासरे मॅलकी रोज तीन वेळा तेच ऐकवायचे. स्ट्यू केला तर विनीचा दाट असायचा, सोडा ब्रेड केला तर विनीचा हलका व्हायचा. तेही डिंफ्नाने सोसलं असतं, पण म्हातारा जेवतच नव्हता. मंगळवारी नर्सने वजन केलं आणि स्पष्टच सांगितलं, आणखी दोन किलो उतरले तर म्हाताऱ्यांच्या नर्सिंग होममध्ये रवानगी. तिथून परत आलेलं कुणी डिंफ्नाने पाहिलं नव्हतं. आणि एवढा वैताग देऊनही म्हातारा तिला आवडायचा, हीच तर पंचाईत होती.

शुक्रवारी तिने पुन्हा घाट घातला. कच्चे बटाटे किसले, कीस फडक्यात बांधला आणि संधिवाताने सुजलेल्या बोटांनी पिळायला घेतला.

"आई आणखी जोरात पिळायची, वाटतं," नवरा फर्गल पेपरातून म्हणाला.

"मग ये, पीळ."

"मी?" फर्गलला एकदम गुरांची आठवण झाली आणि तो बाहेर सटकला.

उकडलेला बटाटा, मैदा, ताक घालून तिने पहिली बॉक्स्टी तव्यावर टाकली. मॅलकींनी एक घास घेतला आणि ताटली सरकवली.

"ओली आहे गं. विनीची अशी..."

डिंफ्नाने उरलेल्या किसाचं फडकं त्यांच्यासमोर आदळलं. "घ्या, बाबा. विनीबाई कशा पिळायच्या ते दाखवाच मला आज."

मॅलकी फडक्याकडे बघत राहिले. मग उठले, मागच्या दाराला कडी घातली, खिडकीचा पडदा ओढला आणि बाह्या सारल्या. फडक्याला पीळ देऊन त्यांनी असं काही आवळलं की पाण्याची धार लागली. पुन्हा उलगडलं, कीस सैल केला, पुन्हा आवळलं. नुसतं बघून कुणाला हे जमत नाही.

"तुम्ही पिळायचात?"

"लग्नाच्या दुसऱ्या वर्षी गाईने लाथ मारून विनीचं मनगट मोडलं. तेव्हापासून मीच."

"आणि गावभर कौतुक तिच्या हाताचं?"

"पुरुष माणूस बटाटे पिळतो, हे कुणाला सांगायचं?"

डिंफ्नाच्या डोक्यात तिडीक गेली. चौतीस वर्षं टोमणे खाल्ले ते या माणसाच्या मनगटापायी, आणि हा एका शब्दाने बोलला नाही! चांगलं झापायचं म्हणून तिने तोंड उघडलं.

"दर शुक्रवारी हाक मारायची," मॅलकी फडकं झटकत म्हणाले. "मॅल, ये रे, म्हणून. आता कुणी बोलावत नाही."

डिंफ्नाने तोंड मिटलं. बॉक्स्टी तव्यावर घातली, कडा लाल होऊ दिल्या, वर लोणी घातलं. म्हाताऱ्याने ती संपवली. दुसरीही संपवली. वर म्हणाले, "मैदा जास्त झालाय."

"उद्याही अकरा वाजता स्वयंपाकघरात यायचं," डिंफ्ना वैतागूनच म्हणाली. "मला हाक मारायला लावू नका, बाबा." आणि मग स्वतःशीच चडफडत म्हणाली, "नाही, मारीन मी हाक."