डावा भोंगा

बबनराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी गॅसवर दूध ठेवून त्याच्यापाशी उभा होतो. फोनवर भाचा संतोष होता. "मामा, आण्णा गेलं," एवढंच तो बोलला आणि मागून अक्काचा आवाज आला... दूध उतू गेलं ते मला नंतर कळलं. बबनराव माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. इंदापुरात मांडव आणि लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचा त्यांचा धंदा. दहाव्याला घाटावर प्रवचन होतं आणि त्यासाठी कुणीतरी प्लास्टिकचे दोन काळे डबे लावले होते. बुवांचा शब्द न् शब्द सर्दी झाल्यासारखा बाहेर पडत होता. माझं डोकंच फिरलं. ज्या माणसानं सबंध तालुक्याच्या लग्नांना आणि जत्रांना आवाज दिला, त्याच्या दहाव्याला हे डबे? संतोषला बाजूला घेऊन मी विचारलंच, "अरे, घरचे भोंगे कुठं गेले?" तो म्हणाला, "गोडाऊनला हायत मामा. पर डावा किरकिरतो. तुमीच तर म्हनायचा." खरंच, मीच म्हणायचो. वर्षानुवर्षं, दाजींच्या तोंडावर, चारचौघांत म्हणायचो.

हे भोंगे म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. इंदापुरात बाजाराच्या मैदानावर पूर्वी एक तंबूतली टॉकीज यायची. दाजी तरुणपणी तिथं मशीन चालवायचे. घरोघरी टीव्ही आले, तंबू कायमचा गुंडाळला गेला आणि मालकानं जाताना पडद्याच्या दोन बाजूंचे दोन अमेरिकन लाउडस्पीकर दाजींच्या गळ्यात मारले. माणसाच्या छातीएवढ्या उंच, करड्या रंगाच्या, लोखंडी कड्यांच्या पेट्या, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर पसरट तोंडाचा भोंगा. भोंग्याच्या बुडाशी एक गोल वजनदार युनिट, खरा आवाज तेच काढतं. तंबू गावोगाव फिरायचा, उतरवताना गडबड नको म्हणून पोस्टर रंगवणाऱ्या पेंटरनं प्रत्येक तुकड्यावर, अगदी युनिटवरही, लाल ऑइलपेंटनं लिहून ठेवलं होतं : डावा, उजवा. दाजींना त्या जोडीचा अभिमान केवढा, तर लग्नात नवरानवरीच्या आधी ते भोंग्यांना हार घालायचे.

मी सोमेश्वरनगरच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर होतो, राहायला बारामतीत. नव्वदीच्या सुरुवातीला कारखान्यातले एक जुने अधिकारी बंगला सोडून गावी निघाले, तेव्हा त्यांच्या दिवाणखान्यातलं एक तिकोनी लाकडी धूड मला मिळालं. बाहेरून अस्सल पॉलिश, पुढं सोनेरी जाळीचं कापड, वर फुलदाणी ठेवायला जागा. बायकोला ते कपाटच वाटलं. तिनं दार शोधलं आणि सापडेना म्हणून माझ्यावर वैतागली. दाजी आले, धुडाभोवती एक चक्कर मारली, मागचं फळकूट उघडलं आणि मांडीवर थाप मारून हसत सुटले. "पाव्हणं, ह्यो तर आमच्या भोंग्याचा सख्खा भाऊ! एकच कंपनी, त्योच भोंगा, तेच युनिट. तुमचा शिकून सायब झाला, आमचा पैलवान ऱ्हायला."

तिथून आमचा वाद सुरू झाला, तो दशकभर पुरला. माझं म्हणणं, घरचा तो घरचा. आवाज गोड, अंगावर न येणारा. दाजी म्हणायचे, "तुमच्या सायबाला भिंत लागती, आमच्या गड्याला मैदान." आणि ते खरंही होतं. ही घरगुती जात कोपऱ्यासाठीच घडवलेली. खोलीच्या दोन भिंती म्हणजे त्या भोंग्याचाच पुढचा भाग. कोपऱ्यातून हातभर पुढं ओढला तरी त्याचा खर्ज पातळ व्हायचा. थेटरातल्याला भिंत-बिंत काही लागत नाही, तो शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या कानाशी जाऊन बोलतो.

ही परीक्षा आम्ही खरोखर केली. परीक्षेला कॅसेट एकच, माझ्या वडिलांची. आमचं मूळ गाव पळसदेव, वडिलांच्या तरुणपणापर्यंत मेंढरं राखलेली, नंतर शेती. वडिलांना सगळे आबा म्हणत. जत्रेत ढोलावर ते ओव्या म्हणायचे आणि त्यांच्या शेवटच्या जत्रेत दाजींनी थेट माईकवरून ती कॅसेट भरून घेतली होती. दाजींनी टेम्पोतून उजवा भोंगा बारामतीला आणला, आमच्या बाहेरच्या खोलीत माझ्या लाकडी सायबाशेजारी उभा केला. आबांनी पहिला सूर लावला आणि मांडणीवरची भांडी वाजली. समोरच्या घरातले लोक ओट्यावर आले. आतून आई म्हणाली, "ह्ये घरात बसून कुनाला हाका मारत्यात?" दाजींनी मुकाट बटण फिरवलं. मी जिंकलो. मग उन्हाळ्यात त्यांनी उट्टं काढलं. माझा लाउडस्पीकर पळसदेवला शेतात नेऊन ठेवला. उजनीचं पाणी ओसरून जुन्या देवळाचा कळस वर आला होता, चहूकडं उघडं रान. तिथं आबांचा आवाज बांधापर्यंतही पोचेना, पाहुण्याच्या घरी जेवायला लाजणाऱ्या माणसासारखा जागच्या जागी घुटमळत राहिला. दाजींनी दोन्ही तळवे तोंडाभोवती धरले आणि आबा मेंढरांना द्यायचे तशी हाळी दिली. पाण्यापलीकडचा एक कोळी वळून बघायला लागला. "बघा पाव्हणं," दाजी म्हणाले, "पयला भोंगा ह्यो. आबांनी कंपनीच्या आधी केलेला."

आता आईबद्दल. आई माझ्याकडं बारामतीला असायची. नजर जवळजवळ गेलेली. दुपारची जेवणं झाली की ती कोपऱ्यातल्या लाउडस्पीकरसमोर पाट टाकून बसायची आणि मी किंवा बायको आबांची कॅसेट लावायचो. ती रडायची वगैरे नाही. ऐकता ऐकता लसूण सोलायची, मधूनच आबांना म्हणायची, "ह्ये कडवं चुकलं तुमचं." दाजी आणि ती मात्र एकमेकांशी थेट बोलत नसत. सासूसमोर जावयानं मान वर करायची नाही, ही आमच्याकडची जुनी अदब दाजींनी शेवटपर्यंत पाळली. माझ्याशी तासन्तास वाद घालणारा हा माणूस आई आली की टोपी सारखी करून गप्प. आणि आईची रीत त्याहून कडक. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही. नातवंडं झाली की लोक ही रीत सोडतात, आईनं सोडली नाही. इंदापूरला गेली तरी बरोबर पितळी फिरकीचा तांब्या असायचा. अक्का चिडायची, रडायची, पण आई तिच्या घोटभर चहालाही शिवत नव्हती.

एका वर्षी, धोंड्याचा महिना तोंडावर आला असताना, माझ्या अँप्लिफायरनं घात केला. फट्कन आवाज झाला, जळका वास सुटला आणि भोंग्याचं युनिट गेलं. खालचा मोठा स्पीकर तेवढा चालू होता, त्यामुळं ढोल ऐकू यायचा पण आबा गोधडीखालून बोलल्यासारखे. आईनं थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, "शिवा, बंद कर. ह्ये आता लांब गेलं." दुसऱ्या दिवशी ती पाटावर बसलीच नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. जेवण कमी झालं, दुपारी भिंतीकडं तोंड करून पडून राहायला लागली. आबा गेले तेव्हासुद्धा मी तिला अशी बघितली नव्हती. पुण्यात चौकशी केली, असलं युनिट मिळायचं नाव नाही. मी दाजींना फोन केला. ते म्हणाले, "बघतो."

धोंड्याच्या जेवणाला ते आणि अक्का आले ते पिशवीत युनिट घेऊनच. कुठं मिळालं विचारलं तर म्हणाले, "पुण्याला जुन्या बाजारात." सगळ्यांना बाहेर घालवून एकट्यानं बसवलं, फळकूट घट्ट पिळलं आणि मला बजावलं, "उघडू नगा, धूळ जाती." आईला पाटावर आणून बसवलं. कॅसेट लागली, आबा पुन्हा खोलीत आले. आई लक्ष देऊन ऐकत होती. मग मला म्हणाली, "पुण्यास्नं आनलं म्हनं?" मी हो म्हटलं. "बरं," ती म्हणाली. जेवताना तिनं माझ्यामार्फत विचारलं, जावयास्नी वाण काय पायजे. चांदीचं निरांजन मी आणूनच ठेवलं होतं. दाजी ताटाकडं बघत म्हणाले, "त्येस्नी म्हनावं, ते जळकं युनिट द्या. हिशोब मिटला." आम्ही पोट धरून हसलो. पुरणाचे धोंडे, अनारसे आणि वर जळकं लोखंड घेऊन घरी गेलेला जावई पुणे जिल्ह्यात दुसरा झाला नसेल.

त्यानंतर आमचा वाद एकतर्फी झाला. दाजींची एक बाजू किरकिरायला लागली होती. पत्र्यावर चमचा घासावा तसा डावा भोंगा वाजायचा आणि ते मुद्दाम त्याचं तोंड आचाऱ्यांकडं फिरवून ठेवायचे. मी सोडतो होय! "काय दाजी, पैलवान थकला वाटतं? शेवटी घरचा तो घरचा." ते तंबाखू मळत म्हणायचे, "व्हय पाव्हणं. हरलो आमी." त्याच दिवाळीत आई इंदापूरला गेली आणि परत आल्यावर अक्काचा मला फोन, नुसती हुंदके देत होती. आईनं तिच्या स्वयंपाकघरात बसून चहा मागून घेतला होता. तांब्या तसाच भरलेला. मी आईला विचारलं, तर ती म्हणाली, "तहान लागली हुती." म्हातारपणी माणूस मवाळ होतो, असा मी अर्थ लावला. मीच लावला, कुणी दुरुस्त केला नाही. पुढं काही वर्षांनी आई गेली.

...आणि आता दाजी. दहाव्यानंतर आठवड्याभरानं संतोषचा फोन आला. पुण्याहून जुन्या लाउडस्पीकरचा एक शौकीन भोंगे बघून गेला होता. उजवा अस्सल आहे म्हणाला, डाव्यात मात्र कुणीतरी साधं बाजारी युनिट घातलंय. जोडी पूर्ण असती तर त्याला हवी होती. "मामा, डाव्याचं खरं युनिट कुठं गेलं, तुमाला ठावं हाय का?" मी नाही म्हणालो. त्या दुपारी मला आबांची कॅसेट ऐकावीशी वाटली. आवाजात थोडी खरखर होती. एरवी मी इंदापूरला फोन केला असता. आता कुणाला करायचा? पेचकस घेतला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते फळकूट उघडलं. आत करड्या रंगाचं युनिट होतं, आणि त्यावर पेंटरच्या वळणदार अक्षरात, लाल ऑइलपेंटनं, 'डावा'.

मी जमिनीवरच बसलो. बायको पाणी घेऊन आली तर तिला नुसतं बोटानं दाखवलं.

युनिट टॉवेलात गुंडाळलं आणि एसटीनं इंदापूर गाठलं. जोडी पुरी व्हावी, त्यांची वस्तू त्यांच्या घरी यावी, एवढंच डोक्यात होतं. अक्कानं टॉवेल सोडला, पदरानं अक्षरांवरची धूळ पुसली. तिला आश्चर्य वाटलं नाही. म्हणाली, "मी हुते की तवा. गोडाऊनमदी बसून काढलं त्येंनी. मी म्हनलं, आईला सांगून तरी द्या. तर म्हनले, ज्या आपल्या घरचं पानी पीत न्हाईत, त्या आपल्या घरचा आवाज घेतील व्हय?" मी विचारलं, "मग आईनं तुझा चहा घेतला तो ह्यामुळं? तिला कुणी सांगितलं?" "कुनी न्हाय. पर आमच्या मांडवात बसून किती लग्नं ऐकली हुती तिनं. चहा पिताना मला म्हनली, जावयास्नी म्हनावं, गोड झाला."

संतोष दारात उभा राहून ऐकत होता. मी युनिट त्याच्यापुढं धरलं. अक्कानं ते माझ्याकडं सरकवलं. "शिवा, वाण कुनी माघारी आनतं का?" म्हणाली. संतोष म्हणाला, "मग उजवा बी ऱ्हाऊ दे, मामा. त्या मानसाला नगं म्हनून सांगतो."

आता ते पुन्हा बारामतीच्या कोपऱ्यात आहे, फळकूट पिळून. दुपारची जेवणं झाली की मीच पाट टाकून बसतो. आबांच्या ओव्यांआधी कॅसेटवर थोडा वेळ दुसराच आवाज आहे. माईकवर फुंकर मारल्याची घरघर, मग तरुण, मोकळे दाजी : "हॅलो, हॅलो... मागं ऐकू येतंय का? आबा, हितं तोंड करा. हां. म्हना आता." मी नेहमी तो भाग पुढं ढकलायला जायचो आणि आई नेहमी अडवायची. "ऱ्हाऊ दे," म्हणायची, "जावई बोलत्यात." तिच्यासमोर मोकळेपणानं ते तेवढंच बोलले. मी आता कॅसेट पहिल्यापासून लावतो. दाजी मागं ऐकू येतंय का म्हणून विचारतात, आणि मी इथून व्हय म्हणतो.