रिकाम्या खाटेवरचा डाग

मी विज्ञानाचा पदवीधर, आमच्या घरातला पहिला. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी सरळ उठून जायचो... म्हणूनच हे लिहिताना अजून संकोच वाटतो.

सत्तरच्या दशकातली, सोलापूरची गोष्ट. थोरला भाऊ – दादा – अक्कलकोट रोडला यंत्रमागावर टॉवेल विणायचा. त्याच्याच मजुरीवर मी शिकलो. त्याच्या पित्ताशयात पू झाला. अंगात त्राण नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी मोठं ऑपरेशन टाळलं. उजव्या कुशीला तेवढीच जागा बधिर करून लहानसं छिद्र पाडलं, रबरी नळी घातली आणि पू काढला. पुढे नळी निघाली, जखम भरली. "आत खडे आहेत, ताकद आली की ऑपरेशनला या," असं बजावलं होतं. दादा गेलाच नाही.

काही महिन्यांनी त्याच्या चादरीवर, उजव्या कुशीच्या जागी, हिरवट-पिवळा डाग दिसू लागला. जखम मात्र कोरडी! माझा संशय वहिनीवर – गुपचूप कुणा वैदूचा हळदीचा लेप लावत असणार.

"लावला तर सांगीन की भावजी, चोरी हाय व्हय?" ती तडकली. मला पटलं नाही.

मग ती दोघं लग्नाला तिच्या माहेरी, नातेपुत्याला गेली. घरात मी एकटा. धुतलेली चादर मीच दादाच्या खाटेवर अंथरली होती... सकाळी पाहतो तर डाग – ओला! हळद असती तर साबणाने लाल झाली असती. साबण चोळला, हिरवाच राहिला. बोट जिभेला लावलं – कडूजहर. हे तर पित्त!

मिळेल ती एसटी पकडली. दादा पंगतीत बसला होता.

"काय रं बी.एस्सी., जेवायला इतक्या लांब आलास व्हय?" लोक हसले.

त्याला बाजूला ओढून सदरा वर केला. व्रण कोरडाच. पण खाली दाबलं तसा तो कळवळला, कातडी तापलेली.

"लई दिस दुखतंय," तो हळूच म्हणाला. "लग्न हाय, बोलू नगंस कुणाला."

त्याच दिवशी सोलापूर गाठलं. नळीच्या जुन्या वाटेत खडा अडकून आत पू साठला होता. "पोटात फुटलं असतं तर हाती लागले नसते," डॉक्टर म्हणाले. मी डागाचं विचारलं.

"कातडी फुटलेलीच नाही, तर बाहेर येणार कुठून?"

दादा वाचला. वहिनी मात्र बदलली. दवाखान्यातून आल्यावर मी तिला रिकाम्या खाटेवरच्या डागाचं सांगितलं, तेव्हा तिने एवढंच विचारलं, "आमी दोगं न्हवतो. घरात तुमीच हुता की, भावजी?"

आता तिचा संशय माझ्यावर – करणीचा. आणि दादाचं अंथरूण ती अजूनही मला घालू देत नाही.