उतारावर लावलेली गाडी

आमच्या जुन्या गाडीत, स्टिअरिंगच्या मागे, शेंगदाण्याएवढा एक लाल दिवा होता. किल्ली फिरवली की लागायचा, इंजिन सुरू झालं की विझायचा. विझला म्हणजे ऑइलचं प्रेशर ठीक, इंजिनच्या पोटात तेल नीट फिरतंय. ज्या कापूस-जिनिंगवाल्याकडून आम्ही ती गाडी घेतली, त्याने जाता जाता एवढंच सांगितलं होतं, "हा दिवा चालताना लागला तर देवाचं नाव घेत बसू नका, आधी गाडी बंद करा."

मी तेव्हा पंचविशीत होतो. मला दोन गोष्टी उत्तम येतात असा माझा समज होता, नाटक आणि गाडी. नाटक गावाने पहिल्याच प्रयोगाला निकालात काढलं. गाडीचं अजून ठरायचं होतं.

आदिलाबादजवळच्या जैनथच्या बाजूचं आमचं गाव. सोळा वर्षांची ती गोल पाठीची गाडी गावात आली तेव्हा मी गावाला तीन फेऱ्या मारून मगच ती घरी नेली. पहिल्या फेरीला बायका दारात आल्या, दुसऱ्या फेरीला म्हातारे. तिसऱ्या फेरीला कोणी आलं नाही, पण मी मान हलवून सगळ्यांचा नमस्कार घेतलाच. माय मागच्या सीटवर अगदी ताठ बसली होती, फोटो काढायला बसावं तशी.

गाडी खरं तर मायसाठीच घेतली होती. दर दसऱ्याला ती नागपूरला दीक्षाभूमीवर जायची, गावातल्या बायकांबरोबर, ट्रकमध्ये उभी राहून. पण आता गुडघे गेले होते. मागच्या वर्षी तिला ट्रकमध्ये चढवायला चौघी लागल्या आणि उतरवायला सहा. परतल्यावर ती म्हणाली होती, "झालं माहं नागपूर. आता ट्रक नाई जमत." बाबा शाळेत मास्तर. महिनाभरात ते जिनिंगवाल्याकडे जाऊन आले.

गाडीचा स्टार्टर दुबळा होता. म्हणून ती घरापुढच्या उतारावर, तोंड खाली करून लावायची आणि चाकाखाली वीट. सकाळी वीट काढली की ती झोपेत चालल्यासारखी घरंगळायची. दुसऱ्या गिअरवर क्लच सोडला की एक उचकी देऊन जागी व्हायची. कापसाच्या शेतांवर धुकं असायचं, काचा खाली असायच्या, आणि इंजिन सुरू होण्याआधीच्या त्या दहा-बारा क्षणांत चाकांखालच्या खड्यांशिवाय कसलाच आवाज नसायचा. अख्खं गाव मागे सरकतंय आणि आपण जागेवरच आहोत असं वाटायचं. आजही कधी झोप लागता लागता मी त्या उतारावरून घरंगळतो.

दसऱ्याला दोन आठवडे उरले आणि आदिलाबादच्या बाजारात, गर्दीत गाडी थांबलेली असताना, लाल दिवा लुकलुकला. गाडी हलली की विझायचा, थांबली की पुन्हा डोळा मारायचा. दोन दिवसांनी तो चालतानाही लागू लागला, आणि बॉनेटखालून टकटक ऐकू येऊ लागली.

मी जाहीर केलं की दिवाच खोटं बोलतोय. दिव्याला खबर देणारा स्विच बदलला. दिवा तसाच. मग गावातल्या एका मेकॅनिकने कान लावून ऐकलं आणि सांगितलं, "बेअरिंगा गेल्या. इंजिन उतरवा लागते. दिवाळीच्या आत होत नाई."

माय ओसरीवरच होती. नागपूरला नेसायची पांढरी साडी घडीला इस्त्री बसावी म्हणून तिने गादीखाली ठेवली होती. तिने ती काढली आणि पेटीत ठेवून दिली.

"तुमी काऊन तोंड पाडून राह्यले, मास्तर?" ती बाबांना म्हणाली. "मी इथंच विहारात बसतो. बुद्ध काय नागपुरातच हाय?"

बाबांनी चष्मा पुसला. पुसलेलाच परत पुसला.

दुसऱ्या दिवशी बाबा, मी आणि मंडल म्हणजे तहसील ऑफिसातले मामा, असे तिघे गाडी हळूहळू आदिलाबादला घेऊन गेलो. तिथे तेलघाण्यामागे एक म्हातारे उस्ताद होते. त्यांनी स्विच काढला आणि त्या जागी पितळेचा मीटर बसवला. गार इंजिनावर सुई छान वर गेली. मग त्यांनी आम्हाला चहा पाजला आणि इंजिन तापू दिलं. सुई खाली यायला लागली. उस्ताद खाली वाकून तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले, नाडी बघावी तसे.

"सुई गिरती, मगर काँपती भी," ते म्हणाले. "बेरिंग गया तो चुपचाप गिरती. काँपी तो समझो तेल में हवा है."

त्यांनी इंजिन बंद केलं, थोडं थांबून तेल मोजायची पट्टी उपसली आणि आमच्यापुढे धरली. तेल वरच्या खुणेच्या कितीतरी वर होतं, आणि त्यावर फेस.

"ये तो लस्सी है, मियाँ. तेल कौन डालता?"

"मी," बाबा म्हणाले.

"मी," मामा म्हणाले.

मी गप्प राहणार होतो, पण मामांनी माझ्याकडे पाहिलं. "मी पण."

मग पंचनामा झाला. दसरा महिन्यावर आला तसे बाबा रोज सकाळी, शाळेत हजेरी घ्यावी तशी, पट्टी बघायचे. गाडी उतारावर, तेल सगळं पुढे, आणि पट्टी इंजिनच्या मागच्या अंगाला. तेल कमीच दिसायचं. बाबा थोडं घालायचे. संध्याकाळी मामा 'मुआयना' म्हणजे तपासणी करायला यायचे, "लय सुकली बिचारी," म्हणून आणखी थोडं. आणि दोघांनाही यातलं काही कळत नाही या खात्रीने, दुपारी मी. आमच्याकडे पाहुण्याला शेवटची पोळी वाढताना कोणी विचारत नाही. गाडीला तरी कोण विचारणार. इतकं तेल झालं की फिरणारा क्रँक त्यातच बुडून रवीसारखा ते घुसळत होता, आणि पंपाच्या तोंडी नुसता फेस.

"आदमी रहता तो हाथ जोडके उठ जाता," उस्ताद म्हणाले. "ये बेचारी लाल बत्ती दिखाती थी."

त्यांनी चेंबरचा नट काढला. तेल मधासारखी धार धरून घमेल्यात पडू लागलं. ती दुपार मला अजून पाठ आहे. घाण्याचा गोड वास, पत्र्यावरून सरकणारं ऊन, तीन मोठी माणसं गुडघ्यांवर हात ठेवून एका धारेकडे बघत बसलेली, आणि वेळ त्या धारेहून जाड. उस्तादांनी नवं तेल मोजून भरलं, इंजिन तापवलं. सुई मधोमध जाऊन उभी राहिली आणि तिथेच राहिली. टकटकही गेली.

"अब सीधी जमीन पे देखना," ते म्हणाले. "और एक आदमी देखना."

घरी आल्यावर बाबा सरळ आत गेले, पेटी उघडली आणि साडी पुन्हा गादीखाली सरकवली.

दसऱ्याच्या दिवशी फटफटायला निघालो. मला मायला कितीतरी दाखवायचं होतं. भाषणच तयार होतं माझं, पैनगंगेच्या पुलापासून सुरू होणारं. ट्रकमध्ये माणसांच्या पाठींशिवाय तिने रस्त्यातलं काही पाहिलंच नव्हतं. पण पूल यायच्या आधीच तिची मान बाबांच्या खांद्यावर पडली. इतक्या वर्षांत त्या रस्त्यावर तिला पहिल्यांदाच बसायला मिळालं होतं.

बाबांनी आरशातून मला डोळ्यांनीच खुणावलं. मी भाषण गिळलं आणि गाडी अशी हाकली की मागून आलेले ट्रक, जीपा, शेवटी एक ट्रॅक्टरसुद्धा आम्हाला मागे टाकून गेला. दुपारपर्यंत पोचायचे ते आम्ही ऊन कलल्यावर पोचलो. पांढऱ्या साड्यांची गर्दी दिसायला लागली तेव्हा माय जागी झाली, पदर सारखा केला आणि बाहेर बघत म्हणाली, "आलं बी? किती जवळ हाय हे."

"हो," बाबा म्हणाले. त्यांचा खांदा संध्याकाळपर्यंत वर झाला नाही.