राजाबाईच्या लेकीचं पहिलं शील

गच्चीवर अंथरलेल्या प्लॅस्टिकवर अर्ध्याच कुरडया पडल्या होत्या आणि पातेल्यातला चीक निवत चालला होता. चीक निवला की साच्यातून उतरत नाही, हे राजाबाईला का ठाऊक नव्हतं? पण तिचे हात थांबले होते. आठवडाभर पोटात ठेवलेली गोष्ट तिने आत्ताच लेकीला, मैत्रेयीला, विचारली होती. गेल्या रविवारी विहारात पंचशील घेताना पहिल्या शीलाला तू गप्प का होतीस?

विहारात सगळ्यांचे आवाज एकात एक मिसळतात, पण आईचा कान निराळा. ‘पाणातिपाता वेरमणी’ सुरू झालं, जीव घेणार नाही असं म्हणायची वेळ आली, आणि उजव्या हाताला बसलेल्या लेकीचा आवाज बंद झाला. चोरी न करण्याचं दुसरं शील आलं तसा तो पुन्हा लागला. राजाबाईने मान वळवली नाही.

राजाबाई मुळातच कमी बोलणारी. लग्न होऊन अंबरनाथला आली ती सातवी पास. नवरा बबन केमिकल कंपनीत. शेजारच्या शहरातल्या कॅम्प दोन वस्तीतल्या एका सिंधी शेठकडून जीन्सचे गठ्ठे यायचे, त्यांचे धागे कापत तिने संसाराला हातभार लावला. त्याच गठ्ठ्यांना टेकून मैत्रेयी पाढे पाठ करायची. सकाळची वंदना झाल्याशिवाय राजाबाईने कधी चहा घेतला नाही, की लेकीला घेऊ दिला नाही. ती लेक आता मुंबईच्या मोठ्या संस्थेत मेंदूवर पीएच.डी. करत होती, होस्टेलवर राहून रविवारी घरी येत होती. महिला मंडळाच्या जनाबाईंनी तर जाहीरच करून टाकलं होतं, की यंदा बुद्धपौर्णिमेची वंदना सगळ्यांपुढे बसून आपली मैत्रेयी घेणार. होकार आज कळवायचा होता. नाही म्हटलं तर जनाबाई काय म्हणणार तेही राजाबाईला पाठ होतं: पोरगी शिकली, आता आमच्यात बसायची लाज वाटते.

मैत्रेयीने साच्याचा दांडा पुसला.

“आई, ज्या पेशी मी वाढवते ना, त्या उंदराच्या पिल्लांच्या मेंदूतून काढाव्या लागतात.”

राजाबाईला एकदम कळलं नाही. मग कळलं, पिल्लं मरतात.

तेवढ्यात बबन पाण्याची बाटली घेऊन वर आला. दोघींचे चेहरे बघून त्याने आधी पातेलं उचललं, खाली नेलं आणि गरम पाण्याचा हबका मारून चीक पुन्हा ढवळून आणला. साचा लेकीकडून घेतला आणि दाबता दाबता म्हणाला, काय करतेस ते एकदा नीट सांग तरी, मी चारचौघांत नुसतं ‘मेंदूचं काहीतरी’ म्हणतो.

मग मैत्रेयीने सांगितलं. मेंदूत काही मूळ पेशी असतात. अशी एक पेशी दुभंगते तेव्हा तिच्या दोन लेकी होतात, एक मेंदूची कामकरी पेशी व्हायला निघते आणि दुसरी मूळचीच राहते, पुढच्यांसाठी. पेशीत माहितीचं जणू एक पुस्तक असतं, त्याच्यावर एक प्रथिन जाऊन बसतं आणि ‘कामकरी हो’ म्हणणारी पानं मिटून धरतं. मैत्रेयीने ते प्रथिन काढून बघितलं, तर सगळ्याच पेशी घाईने कामाला निघाल्या. आधी वाटलं, वा, केवढी गर्दी. मग मूळ पेशीच संपल्या, आणि मेंदू लहान राहिला.

“म्हणजे ती मूळ पेशी आपली राजाबाई,” बबन म्हणाला. “सगळ्यांना डबे देऊन स्वतः घरात.”

मैत्रेयीला हसू आलं. थोडंसं तसंच, म्हणाली. पण राजाबाई हसली नाही. ती अजून पिल्लांपाशीच होती.

“त्रास होतो का त्यांना?”

“नाही होऊ देत. तसे नियम आहेत.”

“आणि तुला?”

“आधी हात थरथरायचा. आता नाही थरथरत. त्याचीच भीती वाटते, आई. मग तिथे बसून ते कसं म्हणू?”

पिल्लांचा जीव जातो तो जातोच, बुद्धांसमोर बसून राजाबाईला ते नाकारता येणार नव्हतं. आणि उद्या कुणाच्या लेकराचा मेंदू लहान राहिला तर ही माहिती उपयोगी पडेल, हेही तिला दिसत होतं. तिने चिकाने माखलेला हात लेकीच्या गुडघ्यावर ठेवला.

“ज्याच्या हातून काहीच घडत नाही, त्याने रोज शील कशाला घ्यायचं गं? मी रोज घेते. रोज मुंग्या मरतात, रोज तोंडून वाईट जातं.”

“मला सोपं करून सांगू नकोस.”

“सोपं नाही करत. भीती वाटतेय तोवर येत जा, एवढंच म्हणते. माझ्याजवळ बस. हळू म्हण. मला ऐकू आलं तरी पुरे.”

मैत्रेयीने मान हलवली. येईन म्हणाली, पण सगळ्यांपुढे बसून वंदना घ्यायला लावू नकोस. राजाबाईने ते लगेच मान्य केलं. जनाबाईंचा टोमणा तिने मनातल्या मनात आधीच खाऊन टाकला होता.

शेवटची कुरडई पडली तसा बबन कावळे हाकायला काठी घेऊन बसला. राजाबाईने हात धुतले, पदर सारखा केला आणि जिना उतरली. जनाबाईंच्या घरी जायचं होतं, वंदनेला दुसरं कुणी बघा म्हणून सांगायला.