जावेच्या तोंडून घेतलेला जबाब

नोकरीतली बहुतेक प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. साकोली तालुक्यातल्या त्या तलावाची घटना मात्र आजही जशीच्या तशी आठवते. निवृत्तीनंतर ती मागे पडेल असं वाटलं होतं, तसं झालं नाही. नावं सांगणार नाही. त्यातली काही माणसं अजून त्याच गावात राहतात.

मी तेव्हा तिथल्या ठाण्याचा प्रभारी होतो. जंगलाला लागून असलेल्या एका गावात, तलावात एका तरुण शेतकऱ्याचं प्रेत मिळालं. डोक्याला मार होता. पाळीवरच्या दगडांवरून पाय घसरला असावा, असं त्याच्या मोठ्या भावानं सांगितलं. माणूस अधूनमधून दारू प्यायचा, हे गावानंही सांगितलं. आम्ही मर्ग दाखल केला, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद घेतली, आणि प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं. अशी प्रकरणं दर पावसाळ्यात यायची. हवालदारानं कागद जवळजवळ तयार करून ठेवले होते.

बाजाराच्या दिवशी त्या गावची एक बाई ठाण्यात आली. भाजीची टोपली तिनं व्हरांड्यात ठेवली आणि आत येऊन दाराशीच उभी राहिली.

"साहेब, तलावात मेला ना, त्याची बायको मुकी हाये. जन्माचीच. ऐकू बी येत नाही. तिले घरच्यांनी कोंडून ठेवलं. खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्याले हातानं काही तरी सांगून राहिली. आमाले समजत नाही."

"तुम्हाला काय वाटतं, काय सांगत असेल?"

"मले काय समजन? पण नवरा पडून मेला तं बाई रडते. ते रडून नाही राहिली. ते सांगूनच राहिली." जाताना एवढंच म्हणाली, "माझं नाव नका लिहू कुठी."

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार आणि एक महिला शिपाई घेऊन मी त्या घरी गेलो. मृताच्या भावानं खुर्च्या मांडल्या, चहा सांगितला. घरातली सून कोंडलेली का, असं विचारल्यावर म्हणाला, "तिच्या जिवाचं काही बरंवाईट होऊ नये म्हणून, साहेब." तिचं बोलणं घरात एकट्या तिच्या जावेला, म्हणजे या भावाच्या बायकोला, कळायचं. त्या वेळी दुसरा दुभाषी नव्हता. जावेला शेजारी बसवून जबाब सुरू केला.

त्या विधवेनं हात उचलले. वरच्या ओठावर बोट फिरवलं, दोन्ही मुठी डोक्यावर नेऊन खाली आणल्या, मान टाकली, मग काहीतरी जड ओढत नेल्यासारखे हात केले. हातांबरोबर चेहरा बदलत होता. राग, भीती, शेवटी भुवया वर गेल्या आणि तिथंच थांबल्या, प्रश्न विचारावा तशा.

जाऊ म्हणाली, "म्हणते, सकाळी तलावावर गेला. पेऊन होता. पडला."

मी हिंदी, गोंडी, छत्तीसगढी बोलणाऱ्यांचे जबाब दुभाष्यामार्फत घेतले आहेत. भाषांतरात थोडं कमीजास्त होतं. इतकं कमी होत नाही. हवालदार लिहीत राहिला.

बाई थांबली. ती जावेकडे पाहत नव्हती, माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती. तिनं सगळं पुन्हा केलं, या वेळी सावकाश. जावेनं पुन्हा तीच तीन वाक्यं सांगितली. मग बाई उठली, माझ्यासमोर आली, माझ्या तोंडाकडे बोट केलं आणि स्वतःच्या चेहऱ्यावरून तळहात कपाळापासून हनुवटीपर्यंत फिरवला.

"हे काय म्हणाली?"

जावेनं मान खाली घातली. मागून तिचा नवरा म्हणाला, "काही नाही साहेब. भाऊ गेला तवापासून डोकं फिरलं तिचं."

मी जबाब तिथंच थांबवला. महिला शिपायासोबत त्या बाईला साकोलीला आणलं. कारध्याजवळच्या माहेराहून तिच्या आईला बोलावलं. भंडाऱ्यातल्या मूकबधिर मुलांच्या एका शाळेला पत्र दिलं, तिथून एक शिक्षिका आल्या. त्यांनी घाई केली नाही. चहा पीत बाईशी साध्या गोष्टी बोलत बसल्या, आईकडून जुन्या खुणा समजून घेतल्या.

"हिला शाळेतली खुणांची भाषा येत नाही," त्यांनी मला सांगितलं. "या घरात तयार झालेल्या खुणा आहेत. ओठावर बोट म्हणजे मिशीवाला, तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. मुठी म्हणजे लाकडानं मारणं. आणि भुवया वर करून ती विचारतेय, त्याला का मारलं?"

मी तळहाताची ती खूण करून दाखवली. शिक्षिकेनं ती बाईला विचारली, बाईनं उत्तर दिलं.

"ती म्हणते, मी एवढं सांगितलं आणि साहेबांचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. म्हणजे साहेबांपर्यंत ते पोचलंच नाही."

जबाब घेताना चेहरा कोरा ठेवावा, हे आम्हाला शिकवलेलं असतं. त्या कोऱ्या चेहऱ्यावरून तिनं जावेचं खोटं ओळखलं होतं. एक शब्दही ऐकू येत नसताना.

शवविच्छेदन अहवालात फुप्फुसात पाणी नव्हतं. खुनाचा गुन्हा दाखल केला. पंच आणि शिक्षिका यांच्यासमोर, चित्रीकरण करून, बाईनं सगळं जागेवर दाखवलं. अंगणातल्या बैलगाडीला बाजूचे उभे दांडे होते, ज्यांना उभाऱ्या म्हणतात. त्यांतला एक नवीन, पांढऱ्या लाकडाचा होता. बाईनं त्याच्यावर हात ठेवला.

भासऱ्याला ताब्यात घेतलं. तो एकच वाक्य बोलायचा, "मी घरी नव्हतो." राग नाही, घाम नाही. असे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्यासमोर बसून आपणच थकतो.

मग जावेची चौकशी केली. दुपार होती, महिला शिपाई शेजारी होती. जाऊ खाली मान घालून सगळी उत्तरं नीट देत होती.

"त्या दिवशी सकाळी घरी कोण होतं?"

"कोणीच नव्हतं, साहेब. मी आन मुकी."

हे बोलत असताना तिचा उजवा हात वर आला आणि बोट वरच्या ओठावरून फिरलं. त्या मुक्या बाईशी बोलून बोलून तिला तोंडाबरोबर हात चालवायची सवय लागली होती. तोंडानं ती नवरा घरात नव्हता म्हणत होती आणि हातानं त्याचंच नाव घेत होती. तिला ते कळलं. तिनं हात पदराखाली घेतला.

मी म्हणालो, "ही खूण मला माहीत आहे."

तिनं पदराखालचा हात पुन्हा बाहेर काढला. मग म्हणाली, "मले तिची बोली कोणी शिकवली, साहेब? तिनंच शिकवली. ते लगीन होऊन आली, तवा घरात कोणी तिच्याकडे पाहे बी नाही. धान रोवता रोवता आमी दोघी बोलत होतो. लोक म्हणत, हे दोघी पागल झाल्या. माझ्या लेकरापेक्षा मी तिच्याशी जास्त बोलली असन."

"मग काहून खोटं सांगितलं?"

"देवर म्हणे, आता आमी वेगळं राहतो. म्हणे, माझ्या बायकोले तुमी जनावरासारखं वागवता. त्याच्यावरून भांडण झालं. ह्यायनं रागात मारलं. मारायचं म्हणून नाही मारलं, साहेब. मग तुमी येऊन बसले, आन मलेच म्हटलं, सांगा ते काय म्हणते. मी काय सांगू? माझा नवरा मागं उभा होता."

शेणखताच्या खड्ड्यातून तिनं गाडीची ती जुनी उभारी काढून दिली. पंचनामा झाला, रक्ताचा अहवाल आला. न्यायालयात त्या बाईनं शिक्षिकेमार्फत साक्ष दिली. बचावाच्या वकिलानं, खुणांना पुरावा कसा मानायचा, असा मुद्दा काढला. न्यायाधीशांनी तिला दोनदा सगळं करून दाखवायला लावलं आणि तो पुरावा मानला. भासऱ्याला जन्मठेप झाली. पुरावा लपवल्याबद्दल जावेलाही शिक्षा झाली, कमी मुदतीची.

चेहरा पाहून गुन्हेगार ओळखतो, असं छातीठोकपणे सांगणारे अधिकारी मला भेटले आहेत. मी तसं कधी म्हणत नाही. चेहऱ्यावरून एवढंच समजतं की आत काहीतरी आहे. काय आहे, हे कळणारं माणूस शोधावं लागतं, आणि ते कोणाच्या बाजूचं आहे हेही पाहावं लागतं. या प्रकरणातून मी हे शिकलो. पण या प्रकरणाचं मनावर राहिलेलं ओझं वेगळंच आहे.

निकालाच्या दिवशी मी कोर्टाच्या व्हरांड्यात होतो. जावेला नेण्यासाठी गाडी यायची होती. बाकावर ती बसली होती, शेजारी महिला शिपाई. ती मुकी बाई आईबरोबर बाहेर पडता पडता थांबली आणि तिच्यासमोर खाली बसली. दोघींचे हात चालू झाले. भराभर, मधे मधे दोघी एकदम.

शिपायानं मला विचारलं, "साहेब, थांबवू काय यायले?"

मी म्हणालो, "राहू द्या."

शिक्षिका माझ्याजवळच उभ्या होत्या. त्या दोघी काय बोलतात, हे मी त्यांना विचारलं नाही. त्यांनी दुसरीकडे पाहिलं. गाडी आली तशी जाऊ उठली. मुकी बाई आईबरोबर माहेरी गेली. तिथं तिच्याशी इतकं भराभर बोलू शकेल असं कोणी नव्हतं.