फ्लेक्सवरचा फुटबॉलपटू

मुलाच्या पहिल्या मोठ्या सामन्यात मी चुकीच्या गोलला टाळ्या वाजवल्या. हाफटाइमनंतर दोन्ही संघ बाजू बदलतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. डावीकडची जाळी समोरच्यांची, उजवीकडची आपली, असं एकदा ठरवून मी निवांत बसलेलो. डावीकडच्या जाळीत बॉल गेला तसा उठलो, हात वर करून टाळ्या वाजवल्या आणि शेजारच्या माणसाच्या पाठीवर थाप मारली. तो समोरच्या संघातल्या एका मुलाचा बाप निघाला. त्याने मला मिठी मारली.

मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या सरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि परत खेळाकडे पाहायला लागले. सर म्हणजे मुलाचे प्रशिक्षक. रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, अंगात वर्षानुवर्षं तोच निळा शर्ट. कळव्याच्या त्या बिनगवती मैदानावर रोज सकाळी मुलांना शिकवतात, एक रुपया घेत नाहीत. आमचा मुलगा डोंबिवलीहून तेव्हा तीन वर्षं त्यांच्याकडे जात होता. त्या दिवशी घरी येईपर्यंत तो माझ्यापासून दहा पावलं पुढे चालत होता.

हे आधीच सांगून टाकलं, कारण फुटबॉलची एवढी जाण असलेल्या माणसाने पुढच्याच वर्षी मुलाच्या फुटबॉलचा निर्णय स्वतःच्या हातात घेतला.

झालं असं, की ऑफिसातल्या कोणीतरी एक जाहिरात पाठवली. परदेशी अकादमी, थेट स्पेनमध्ये, निवडक मुलांना संधी, ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या एका हॉलमध्ये मोफत सेमिनार. आम्ही तिघं गेलो. स्टेजवर एक गृहस्थ होते. ट्रॅकसूट इतका कडक इस्त्रीचा की त्यात ते बसू शकत असतील असं वाटेना. पोट म्हणाल तर माझ्याएवढंच, पण मी निदान ते शर्टाखाली ठेवतो. ते तासभर बोलले. पडद्यावर हिरवंगार गवत, गोरी मुलं, हवेत तरंगणारा बॉल. प्रत्येक तिसऱ्या वाक्यात 'व्हिजन' होतं. मुलांना त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. आम्हा बापांना मात्र पुष्कळ विचारले: कुठे काम करता, स्वतःचं घर आहे का, पासपोर्ट आहे का.

मग मुलांना पाच-पाच मिनिटं आत बोलावलं. आमचा बाहेर आला आणि म्हणाला, "सिलेक्ट झालो."

"काय विचारलं?"

"शूजचा नंबर."

यावर तरी मला थांबायला हवं होतं. पण माझ्या छातीत तोपर्यंत स्पेन भरलेला. खाली जायच्या लिफ्टमध्ये आम्ही आठ-नऊ जण कोंबलेलो. एक बाप म्हणाला, आमचा झाला. दुसरा म्हणाला, आमचाही. तिसऱ्याचा धाकटासुद्धा झालेला, जो फक्त भावासोबत आलेला. आम्ही सगळ्यांनी एकमेकांचं अभिनंदन केलं. बाहेर पडल्यावर रिक्षाची वाट बघताना बायको शांतपणे म्हणाली, "अहो, जे सिलेक्ट नाही झाले ते कुठल्या लिफ्टने गेले?"

मी म्हणालो, "तुला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते."

आता मागे वळून त्या हॉलमधल्या माणसांकडे पाहतो तेव्हा ट्रॅकसूटवाल्याचा राग येत नाही. तो त्याचा धंदा करत होता. कीव येते ती आमची. सगळे शिकलेले, पगारदार, ऑफिसात तीन कोटेशनं मागवल्याशिवाय साधी खुर्ची न घेणारे. पण कोणीतरी 'परदेश' म्हणालं की आमच्यातला हिशेबनीस रजेवर जातो. चार वर्षं रोज सकाळी फुकट शिकवणाऱ्या माणसाला आमच्यातल्या कोणी दिवाळीला मिठाईचा डबा दिला नव्हता. आणि इथे शूजचा नंबर विचारणाऱ्याला आम्ही रांगेत उभं राहून चेक दिले.

सरांना सांगायला मीच गेलो. ते फाटलेल्या जाळीला सुतळीने गाठी मारत होते.

"सर, मुलगा स्पेनला चाललाय. अडीच महिने. ट्रेनिंगला."

"बरं. खेळताना कोणी बघितला त्याला?"

मी आठवून पाहिलं. "फॉर्ममध्ये व्हिडिओची लिंक दिलेली."

सरांनी गाठ आवळली. "दिवाळीनंतर लीग सुरू होते. सतरा वर्षांखालच्या संघात त्याचं हे शेवटचं वर्ष. मधल्या फळीतली जागा मी त्याच्यासाठी धरलेली. रिकामी नाही ठेवता येणार."

"तिथे गवतावर खेळतात, सर," मी म्हणालो.

आयुष्यात मी बरीच मूर्ख वाक्यं बोललोय, त्यातली काही तर लग्नाच्या बोलणीत. पण एवढं हलकट वाक्य दुसरं आठवत नाही. मुलगा माझ्या मागे उभा होता. त्याने मान खाली घातली. सर म्हणाले, "हो, असेल," आणि पुढची गाठ मारायला घेतली.

जाण्याआधी सत्कार झाला. आमच्याकडे माणूस काही करून आल्यावर सत्कार करायची पद्धत होती, ती मागे पडली. आता जायच्या आधीच उरकतात, पुढे काही घडलं नाही तर कार्यक्रम बुडायला नको. सोसायटीचे चेअरमन या बाबतीत तयारीचे गृहस्थ. शाल, श्रीफळ आणि नाक्यावर फ्लेक्स. फ्लेक्स बनवणाऱ्याने मुलाचं डोकं कापून एका परदेशी खेळाडूच्या धडावर बसवलं. त्या धडाच्या दोन्ही हातांवर मनगटापर्यंत गोंदण. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी बायकोला बाजूला घेऊन विचारलं, "कधी गोंदवून घेतलं गं त्याने? तुम्ही काही बोलला नाहीत?"

चेअरमन भाषणात वीस मिनिटं क्रिकेटवर बोलले. मी पहिल्या रांगेत बसून अशी मान हलवत होतो, जणू गोल मीच मारलाय. मुलगा शाल अंगावर घेऊन स्टेजवर बसलेला. ऑक्टोबरचा उकाडा, त्यात ती शाल. त्याच्याकडे मात्र मी एकदाही नीट पाहिलं नाही.

तो गेला. आमचा संध्याकाळचा चहा आणि त्याचं दुपारचं जेवण साधारण एकाच वेळी व्हायचं, तेव्हा फोन यायचा. पहिला आठवडा मजेत गेला. खोलीत चार मुलं, चार देशांची, आणि चौघांचेही बाप कुठल्यातरी हॉलमध्ये जाऊन आलेले. दुसऱ्या आठवड्यात तो जरा कमी बोलायला लागला. तिसऱ्या आठवड्यात मी विचारलं, "त्यांच्या मुलांबरोबर खेळवलं का रे?"

"त्यांचं मैदान वेगळं आहे, बाबा. मध्ये कुंपण आहे."

"मग तुमचं?"

"आमचं पार्किंगच्या बाजूचं. पण गवत आहे." तो एवढंच म्हणाला. टोमणा होता की माहिती, हे मी विचारलं नाही.

मग हळूहळू कळत गेलं. अकादमी ज्या क्लबची, त्याची खरी मुलं कुंपणापलीकडे. अलीकडे आमची मुलं, फी भरलेली. अलीकडच्यांना शिकवायला दर पंधरवड्याला नवा तरुण यायचा, त्याला मुलांची नावं पाठ व्हायच्या आत तो बदलायचा. गळ्यात शिट्टी, हातात टॅबलेट, त्यात प्रत्येकाच्या नावापुढे रंगीत वर्तुळं. रविवारी सहल. पोरांना रांगेत उभं करून क्लबच्या रिकाम्या स्टेडियमसमोर फोटो. तो फोटो ट्रॅकसूटवाल्याने आम्हा पालकांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आपले तारे'. बापांनी हात जोडलेल्या चिन्हांचा पाऊस पाडला. मीही दोन पाडले.

एका संध्याकाळी त्याचा फोन आला तो नेहमीपेक्षा वेगळ्या आवाजात. तो कुंपणापाशी उभा राहून पलीकडची खरी मुलं बघत होता. दहा-अकरा वर्षांची.

"बाबा, ती काय करतायत माहितीये? भिंतीवर मारतायत. दोन टचमध्ये. एक थांबवायला, एक द्यायला. तासभर तेच."

"मग?"

"मग काय. सर हेच करून घेतात. कळव्याच्या भिंतीवर. चार वर्षं."

मी कपातला चहा ढवळत राहिलो. साखर कधीच विरघळलेली.

"आणि लीग सुरू झाली," तो म्हणाला. "पहिला सामना जिंकले. माझ्या जागी धाकट्या बॅचमधला खेळला." त्याला परत येऊन ती जागा मिळेल का, हे त्याने मला विचारलं नाही. मला विचारून काय उपयोग, हे त्याला एव्हाना कळलेलं असावं.

डिसेंबरच्या अखेरीला तो आला. सोबत चकचकीत फोल्डरमध्ये अहवाल. त्यात लिहिलेलं, 'उत्तम वृत्ती, मोठी क्षमता'. ग्रुपवर बाकीच्यांनीही आपापले अहवाल टाकले. सगळ्यांची वृत्ती उत्तम होती. जो धाकटा त्या दिवशी नुसता भावासोबत आलेला, त्याची क्षमता आमच्यापेक्षाही मोठी निघाली.

दुसऱ्याच सकाळी मुलगा एकटा कळव्याला गेला आणि तासाभरात परत आला. "सर म्हणाले, वडिलांना घेऊन ये. रविवारी, सामन्याच्या आधी."

त्याच रविवारी चेअरमननी दुसरा सत्कार ठेवलेला. 'परदेश गाजवून आल्याबद्दल.' मी हो म्हणून बसलेलो, कारण नाही म्हणायची मला सवय नाही. मुलाने मला एवढंच सांगितलं, "मी तिथे काही गाजवलं नाही. मी मैदानावर जाणार. तुम्ही ठरवा."

रविवारी आम्ही दोघं मैदानावर पोचलो. मी मनात माफीची वाक्यं तयार करून नेलेली, जरा भारदस्त. सरांनी ती ऐकून घेतली नाहीत. त्यांनी मुलाच्या हातात तळाला भोकं पाडलेला पत्र्याचा डबा दिला आणि चुन्याच्या गोणीकडे बोट केलं. त्यांच्याकडे नियम आहे: संघात जो सगळ्यात शेवटी आला, त्याने सामन्याआधी मैदानाच्या रेघा मारायच्या. नवा मुलगा आला की डबा त्याच्याकडे जातो. चार वर्षांपूर्वी हा डबा आमच्या मुलाच्याच हातात होता.

"जागा दिलीये दुसऱ्याला," सर म्हणाले. "आज बाहेर बसेल. शेवटी बघू." मग माझ्याकडे वळले. "साहेब, तुम्ही सुतळी धरा. इथे गवत नाही, जरा जपून."

मी सुतळीचं एक टोक कोपऱ्यातल्या खुंटीपाशी धरून उकिडवा बसलो. दुसरं टोक पार समोर. मुलगा वाकून सुतळीच्या कडेने चुना पाडत येत होता, डबा हळूहळू हलवत, अगदी एकसारखा. अर्ध्यावर आला तेव्हा माझा फोन वाजला. चेअरमन.

"अहो, आहात कुठे? हॉल भरलाय. पाहुणे येऊन बसलेत."

"तो मैदानात आहे. सामना आहे."

"एक दिवस नाही खेळला तर काय बिघडतं? आता काय, शिकून आलाय तिकडनं."

मी मुलाकडे पाहिलं. त्याचे हात कोपरापर्यंत पांढरे झालेले. गोंदण कुठे दिसत नव्हतं. "तिकडे जायला काही लागत नाही," मी म्हणालो. "फॉर्म भरला की सिलेक्शन होतं. तुम्ही भरला असता तर तुमचंही झालं असतं."

"हे आत्ता सांगताय होय? नारळ आणून ठेवलेत."

"नारळ वाया जात नाहीत," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

एवढ्या धीराच्या बोलण्यात मी एका हाताने फोन कानाशी धरला होता आणि दुसऱ्या हातातली सुतळी ढिली सोडलेली. वारा होता. रेघ मधोमध बाहेर फुगून माझ्यापर्यंत आली. सरांनी येऊन ती वाकडी रेघ पाहिली. पुसायला वेळ नव्हता. "असू दे," ते म्हणाले. "आज त्या बाजूने थ्रो घेताना सगळ्यांना तुमची आठवण येईल."

आली. दोनदा पंचाने खाली वाकून पाहिलं आणि सरांकडे बघून हात पसरले.

मुलगा सव्वा तास पाण्याच्या बाटल्यांपाशी बसून होता. बरोबरी चाललेली. शेवटची पंधरा मिनिटं राहिली तेव्हा सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो आत गेला आणि त्याने काहीही विशेष केलं नाही. बॉल आला की थांबवायचा, द्यायचा. दोन टच. पुन्हा आला, थांबवला, दिला. त्याच्या जागी खेळत असलेला धाकट्या बॅचचा पोरगा आता पुढे गेला होता, आणि प्रत्येक वेळी बॉल त्याच्या पायात नेमका पडत होता. त्या पोराने गोल मारला. मी आधी मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो हसला, मग टाळ्या वाजवल्या.

सामना संपल्यावर सर डबा धुवत होते. मुलाकडे न बघता म्हणाले, "पुढच्या रविवारी वेळेत ये. बूट घालून. डबा मी कोणालातरी देतो."

परतताना तो माझ्या शेजारून चालत होता.

घरी आलो तर टेबलावर शाल आणि नारळ. चेअरमन स्वतः येऊन ठेवून गेलेले, चहाही न घेता. मी बायकोला सगळं सांगितलं: डबा, सुतळी, फोन, वाकडी रेघ, आणि डबा आता दुसऱ्याकडे जाणार ते. फोनवरचं माझं बोलणं दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा जरा सुधारून. तिने ऐकता ऐकता नारळ शेंडीला धरून कानाशी हलवून पाहिला, पाणी आहे का ते.

मग म्हणाली, "रेघ वाकडी आली तर आली, एव्हाना पोरांच्या पायांनी पुसली गेली असेल. नाक्यावरचा फ्लेक्स अजून आहे. तो उद्या ऑफिसला जायच्या आधी उतरवा. शिडी वॉचमनकडे आहे, मी विचारून ठेवलंय."